जादूच्या पत्त्यांची जाहिरात आणि महिला डब्यातली परीक्षा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत मुलांना काय घेऊन द्यावं हे सुचवणारा लेख आला होता. बुद्धिबळाचा पट, दुर्बीण, मातीकामाचा संच यांच्या पंगतीत ‘जादूचे पत्ते’ही होते. किंमत होती, कुठून मागवायचे तेही होतं आणि विक्रेत्याचं वाक्य जसंच्या तसं छापलं होतं: कोणतंही कौशल्य लागत नाही, पाच मिनिटांत तुमचं मूल जादूगार! त्यानंतर आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत पाकिटं येऊन पडू लागली आणि ती उघडून झाली की मुलं माझं दार वाजवू लागली. पत्त्यांची जादू करणाऱ्या काकू म्हणून इथे मला सगळे ओळखतात. त्यामुळे ‘काकू, हे चालत का नाही?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. ते तुमच्या पुरवणीने वाढवलं, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, व्हिडिओविषयीचा भाग तेवढा राहू द्या.

माझा यातला अधिकार काय, ते आधी सांगते. निवृत्त होईपर्यंत मी फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून होते. ठाण्याहून सीएसएमटी, धिमी गाडी, महिलांचा डबा. पत्ते वडिलांनी शिकवले. आधी मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन, मग त्यांना येत होत्या तेवढ्या जादू. पुढचं मी पुस्तकांतून आणि जाणत्या माणसांच्या मागे लागून मिळवलं. पर्समध्ये पत्त्यांचा कॅट कायम असायचा. रंगमंचावरच्या जादूत प्रेक्षक समोर बसतो, दिवे आणि पडदा जादूगाराच्या बाजूने असतात. जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहिलेल्यांना तो थाट आठवत असेल. पत्त्यांचं काम हातभर अंतरावरचं. त्यात लोकलमध्ये समोरच्या बाकावरून, शेजारून आणि कडी धरून उभ्या राहिलेल्या बायकांकडून वरूनही बघितलं जातं. उभ्या बाईला तुमच्या मनगटाच्या आतलं दिसतं. टेबल नाही, मांडीवर डब्याची पिशवी. गाडी कुठे धक्का देईल ते मोटरमनलाच ठाऊक. मटार सोलत बसलेली एखादी मान वर न करता म्हणणार, ‘परत कर बघू.’ आणि मुलुंडच्या बाईने पाहिलेली जादू भांडुपला चढलेलीला लगेच दाखवायची असते. त्या डब्यात जी टिकली तीच जादू मी पुढे वाढदिवसांना, हळदीकुंकवाला, गणपतीच्या कार्यक्रमांत केली. विकतची कुठलीही जादू समोर आली की मी तिला मनातल्या मनात त्या बाकावर बसवते. तिथे ती पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडणार असेल, तर पाकीट कितीही सुंदर असो, पैसे फुकट.

रहस्य मी इथे कुणाचंच फोडणार नाही. पण पाकिटात काय प्रकारचा माल असू शकतो हे सांगायला हरकत नाही, कारण ते तर दुकानदारानेच सांगायला हवं. कधी अख्खा कॅटच खास बनवलेला असतो. कधी चार-सहा खास पत्ते असतात, ते आपल्या कॅटमध्ये मिसळायचे. कधी एखादी बारीक वस्तू येते, तिला या धंद्यात गिमिक म्हणतात. आणि कधी पाकीटच नसतं, एक लिंक येते आणि तिच्यावर साध्या कॅटने करायची रीत शिकवलेली असते. या सगळ्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण जाहिरातीत सगळ्याच एका रुबाबात मिरवतात. बाराशे रुपये आपण पुठ्ठ्याचे देतोय, कल्पनेचे देतोय की शिकवणीचे, हे पैसे भरून होईपर्यंत कळत नाही.

आता व्हिडिओ. आमच्या मजल्यावरची आठवीतली मुलगी घ्यायच्या आधीच विचारायला आली, एवढी एकच शहाणी निघाली. तिने फोनवर जाहिरात दाखवली. एक तरुण रस्त्यात एका मुलीला पत्ता निवडायला सांगतो. चौकट राणी येते. ती त्यावर पेनाने सही करते. पत्ता तिच्या मुठीत जातो, तो फुंकर मारतो, मूठ उघडते आणि आत भलताच पत्ता. ती किंचाळते, मैत्रिणी तोंडावर हात धरून मागे पळतात, संगीत चढतं. मी म्हटलं, आवाज बंद कर आणि फक्त हातांकडे बघ. पुन्हा लावला. सही होताना कॅमेरा समोरून होता, पत्ता मुठीत गेला तेव्हा तो खांद्यावरून बघत होता, म्हणजे मधला तुकडा कापलेला. सही झाल्यावर तरुणाचा डावा हात कॅटसकट पडद्याबाहेर गेला आणि परत आला, मधे काय झालं ते आपल्याला दाखवलेलं नाही. मूठ मिटताना मुलीची नजर पत्त्यावर नव्हती, त्याच्या तोंडाकडे होती. आणि शेवटी बदललेला पत्ता तिने हातात घेऊन उलटसुलट केला का? नाही, किंचाळायच्या आतच त्याने तो काढून घेतला होता. उरलेला अर्धा व्हिडिओ नुसता आरडाओरड्याचा. आठवीतल्या त्या पोरीने स्वतःच तिसऱ्यांदा लावला आणि म्हणाली, ‘काकू, मला हे घरी करायचं तर कॅमेरा कोण कापणार?’

व्हिडिओ कापला म्हणजे फसवलंच असं नाही. जाहिरात छोटी ठेवायची म्हणूनही कापतात. पण ज्याच्याकडे एका दमात, एका कोनातून, सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा प्रयोग आहे तो विक्रेता तो दाखवतोच. दाखवत नसेल तर मागावा. तरीही मिळाला नाही, तर नुसता पदर पाहून साडी घेण्यासारखं आहे ते. आवाज बंद करून बघणं ही माझी पहिली अट. संगीत आणि किंचाळ्या पाकिटातून येत नाहीत.

या बाबतीत मला स्टेशनबाहेरचा फेरीवाला अनेक वेबसाइटींपेक्षा सरळ वाटतो. ठाणे पश्चिमेला, जांभळी नाक्याच्या गर्दीत, जत्रेत, कॅट फरफरवून सगळे पत्ते बदाम सत्ती करून दाखवणारा माणूस तुम्ही कधीतरी पाहिला असेल. तो तुमच्यापासून हातभर लांब उभा राहून ऊन-पावसात ही जादू करतो. तुम्ही डावीकडे सरका, मागे जा, पुन्हा करायला सांगा, तो करतो. त्याला जे जमतंय ते तुमच्या डोळ्यांदेखत जमतंय, आणि तोच कॅट तो तुम्हाला देतो. (बडबडीत आणि हाताच्या वेगात त्याची वर्षं गेलेली असतात, ती मात्र तो देत नाही.) पण माल काय आहे आणि किती अंतरावरून चालतो, हे तुम्ही बघून घेतलेलं असतं.

जादू चांगली की वाईट हे ठरवताना मी दुसरं काय बघते? ती पाहणाऱ्याला घरी जाऊन एका वाक्यात सांगता येते का. ‘मी मनात धरलेला पत्ता तिच्या कॅटमध्ये एकटाच उलटा निघाला.’ संपलं. हे वाक्य माझ्या डब्यातली बाई संध्याकाळी सासूला सांगू शकते. ज्या कॅटने हे होतं तो अमेरिकेतल्या जो बर्गने १९३० च्या दशकात आणला. पुढे डॉन ॲलनने त्याला ‘अदृश्य कॅट’चं रूप देऊन लोकप्रिय केलं. प्रेक्षकाच्या हातात हवेतला, न दिसणारा कॅट द्यायचा, तो पिसायला सांगायचा, त्यातला एक पत्ता काढून उलटा करून परत घालायला सांगायचा आणि मग खिशातला खरा कॅट उघडायचा. साहित्य तेच, गोष्ट नवी, आणि जादू कुठच्या कुठे गेली. आमच्या डब्यात हवेतला कॅट दिला की बायका तो इतक्या मन लावून पिसायच्या की कुर्ला निघून जायचं. एकीने तर पिसताना एक पत्ता खाली पडला म्हणून बाकाखाली वाकून उचलला होता. तो कॅट मी आजही घ्यायला सांगते, दहा वर्षांवरच्या कुणालाही. याउलट काही महागड्या जादूंचं वर्णनच असं असतं: तुम्ही चार पत्ते मोजता, त्यातला एक फिरतो, मग दोन फिरतात, मग त्यांच्या पाठी बदलतात, मग पुन्हा मोजता. बनवणाऱ्याचं डोकं अफाट, मान्य आहे. पण बघणाऱ्याला मोजदाद आठवते, आश्चर्य आठवत नाही.

बरं, पाकिटातला मजकूर बहुतेक वेळा इंग्रजीत, आणि त्यातली गोष्ट लास व्हेगासच्या जुगाऱ्यांची. ती इथे गणपतीच्या मंडपात कशी सांगणार? फ्रेंच जादूगार रॉबेअर-उदँ म्हणून गेला आहे की जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट. गडकरी रंगायतनच्या गावात हे समजावून सांगायला नको. संवाद तुमचे तुम्हालाच लिहावे लागतात. ते लिहिता येण्याजोगी जागा त्या जादूत आहे का, हे घ्यायच्या आधी बघावं. बदाम राणी रुसून कॅटमध्ये पाठ फिरवून बसली, एवढ्यावर मी एक अख्खी जादू करते आणि लहान पोरं ती पुन्हा मागतात.

आता पुठ्ठ्याविषयी थोडं, कारण जाहिरात त्यावर अवाक्षर काढत नाही. परदेशी जादूचे खास पत्ते बहुधा अमेरिकेच्या ‘बायसिकल’ कॅटशी जुळणारे असतात. १८८५ पासूनचा हा ब्रँड, उत्तम कागद, हातात रेशमासारखा सरकतो. त्याचा आकार पोकरचा, म्हणजे रुंदी सुमारे ६३ मिलिमीटर. आपल्याकडे किराणा-स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे कॅट बहुतेक ब्रिजच्या आकाराचे, सुमारे ५७ मिलिमीटर. उंची तीच, रुंदीत फरक. म्हणजे परदेशी जादूतले चार खास पत्ते तुम्ही घरच्या कॅटमध्ये मिसळूच शकत नाही, ते बाजूने डोकावतात. मग जुळणारा परदेशी कॅट वेगळा घ्या, म्हणजे जादूची किंमत आपसूक वाढली. शिवाय इथल्या प्रेक्षकाने तो पाठीवर नक्षीकाम केलेला लाल कॅट पाहिला की तो लगेच म्हणतो, ‘हे तुमचे जादूचे पत्ते ना?’ जादू सुरू व्हायच्या आत संपली. मी घरचा, वापरून कडा मळलेला कॅट पसंत करते. त्यावर कुणी संशय घेत नाही.

दुसरं, बायकांचे आणि मुलांचे हात. सहा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पत्ता तळहातात झाकायचा असेल तर तेवढ्यानेच कोपरा बाहेर येतो. शिकवणाऱ्या व्हिडिओंतले हात पुरुषांचे आणि मोठे. सातवीतल्या मुलाने ते बघून महिनाभर डोकेफोड केली तरी त्याचा कोपरा दिसणारच, त्यात त्याचा दोष नाही. आणि खिसे! कितीतरी विकतच्या जादूंत मधेच एखादा पत्ता कोटाच्या आतल्या खिशात जायला हवा असतो. ठाण्याच्या मे महिन्यात कोट घालून कोण फिरतंय? मी तर साडी नेसते, मला खिसाच नाही. ‘खिसे लागतात’ एवढे दोन शब्द जाहिरातीत असते तर माझ्यासारख्या कितीजणींचे पैसे वाचले असते.

पावसाळ्याचं तर विचारूच नका. कागदी पत्ते हवेतला ओलावा पितात, फुगतात, वाकतात, एकमेकांना चिकटतात. काही खास कॅटचं सगळं काम पत्ता पत्त्यावरून कसा सरकतो यावर असतं. जुलैत आपल्याकडे भिंतीला बुरशी येते तिथे ते किती टिकणार? मी माझे कॅट स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवते, आत औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्या. तरी गणपतीपर्यंत एखादा कुरकुरतोच. त्यामुळे खास कॅट घेताना तो दोन वर्षं पुरेल असं धरू नये, एका मोसमाचं खर्चाचं सामान समजावं आणि त्या हिशेबाने किंमत जड वाटते का ते बघावं.

आणि जादू संपल्यावर? व्हिडिओ तिथेच संपतो, पण आयुष्यात पुढचा क्षण येतो. समोरचा हात पुढे करतो: बघू पत्ते. सोसायटीच्या वाढदिवसाला तर मागतही नाहीत, हिसकावतात. पत्ते हातात देता येतात की नाही, हा प्रश्न मी नेहमी विचारते. देता येत नसतील तरी जादू वाईट ठरत नाही, पण मग करणाऱ्याला तो क्षण निभावता यायला हवा. बोलता बोलता कॅट बाजूला सारून दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष न्यायचं कसब दहा वर्षांच्या मुलाकडे नसतं. त्याचा भाऊ कॅट ओढतो, रहस्य जमिनीवर पसरतं आणि मुलगा रडतो. मी हे पाहिलंय. तसंच, पुन्हा करायला किती तयारी लागते? एका जादूनंतर आतल्या खोलीत जाऊन पत्ते लावावे लागत असतील तर ती दिवाणखान्यातली जादू, डब्यातली नव्हे. दोन्हींना जागा आहे, फक्त कुठली घेतोय ते माहीत हवं.

‘कोणतंही कौशल्य लागत नाही’ या वाक्यावर मात्र माझा खरा राग आहे. हाताचं कौशल्य न लागणाऱ्या जादू असतात, आणि त्यातल्या काही जगातल्या उत्तमांपैकी आहेत. अमेरिकेच्या पॉल करीने १९४२ मध्ये एक बसवली: प्रेक्षक स्वतः, पत्ते न बघता, लाल आणि काळे वेगळे करतो आणि शेवटी ते खरोखर वेगळे निघतात. हातचलाखी जवळजवळ नाही. पण ती संथ जादू आहे, प्रेक्षकाशी बोलत त्याला गुंतवून ठेवावं लागतं. ते ज्याला येत नाही त्याच्या हातात ती पत्ते वाटायची हमाली होते. एकवीस पत्त्यांची तीन ओळींत मांडायची जादू प्रत्येक घरात कुणाला तरी येते, ती आपोआप होते, आणि समोरचा दुसऱ्या मांडणीला जांभई देतो. तेव्हा हात लागत नसतील तर तोंड लागतं, तोंड नसेल तर हात लागतात. दोन्ही लागत नाहीत असं म्हणणारा एक तर थापा मारतोय किंवा त्याने ती जादू कधी माणसांसमोर केलेली नाही.

आणखी एक. रहस्य कळल्यावर ‘एवढंच?’ वाटलं म्हणून जादूला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. मुलं हेच म्हणतात, पालकही. रहस्य साधं असणं हा गुणच आहे, कारण हात मोकळे राहतात. मी किंमत रहस्याच्या गुंतागुंतीवर मोजत नाही. ती जादू घरातल्या माणसांपलीकडे कुणासमोर केली जाणार आहे का, यावर मोजते. कपाटात पडून राहणारी दोनशे रुपयांची जादूही महागच.

बरंचसं फुकट मिळतं हेही सांगितलं पाहिजे. एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने १९०२ मध्ये निघालेलं पत्त्यांच्या हातचलाखीचं पुस्तक आज कुणाच्याही मालकीचं नाही, इंटरनेटवर मोफत वाचता येतं. तो अर्डनेस कोण होता यावर अजून वाद चालू आहे. इंग्रजी जुनाट, मुलांना जड जाईल, पण आज लिंकवर विकल्या जाणाऱ्या कितीतरी ‘नव्या’ रीतींचे आजोबा त्या पुस्तकात बसलेले आहेत. म्हणून नुसती लिंक विकत घेणाऱ्याने विचारावं: यात शिकवणी चांगली आहे, की फक्त नाव नवं आहे? चांगल्या शिकवणीला पैसे द्यायला माझी ना नाही.

स्वस्त नकलांचं मात्र मी कधी समर्थन करत नाही. मूळ जादू अडीच हजारांची, तिची नक्कल तीनशेला मिळते, मग काय बिघडलं, असं पालक विचारतात. जादूच्या पद्धतीला कॉपीराइटचं संरक्षण मिळत नाही, कारण तो कायदा कल्पनेला नव्हे तर तिच्या मांडणीला जपतो. पेटंट घ्यावं तर रहस्य कागदावर उघड करावं लागतं. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षं डोकं खपवलं त्याच्याकडे आपल्या सभ्यतेखेरीज काही उरत नाही. आणि व्यवहाराचं बोलायचं तर नकलेत त्याची शिकवणी नसते, एक चिठोरा असतो, पत्त्यांच्या पाठीचा लाल रंग एक छटा फिका असतो आणि तीच छटा समोरच्याच्या डोळ्यांत भरते.

परत घेण्याचा मुद्दा इथे येतो. आमच्या इमारतीतल्या एका पालकांनी अठराशेचं पाकीट उघडलं. आत तीन पत्ते आणि लिंक. लिंकवरच्या शिकवणीच्या सुरुवातीलाच सांगितलेलं, अमुक हातचलाखी तुम्हाला आधीपासून सफाईने यायला हवी. ती नीट यायला मोठ्या माणसाला कितीतरी महिने लागतात. जाहिरातीत ‘नवशिक्यांसाठी’ लिहिलं होतं. विक्रेत्याने उत्तर दिलं, रहस्य तुम्हाला कळलं, आता परत घेता येणार नाही. ऐकायला बरोबर वाटतं. पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल तर परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही बसतं. जादू कशी होते हे दडवणं विक्रेत्याचा हक्क आहे, तोच तर माल आहे. ती करायला काय लागतं हे दडवणं हा नव्हे. मी त्यांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक दिला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं झालं तरी पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीचं शुल्क नाही. पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे का, तेही मागवण्याआधी फोटोत बघून घ्यावं. नसेल तर तक्रार कुणाविरुद्ध करणार?

आणि लहान मुलांसाठी घेणार असाल तर एवढं विचाराच: आत लोहचुंबक आहे का? काही साहित्यात बारीक, जोरकस चुंबक असतात. एकापेक्षा जास्त गिळले गेले तर ते आतड्यातून एकमेकांना ओढतात आणि जिवावर बेततं. हे लिहून मी रहस्य फोडलं असं कुणा जादूगार बंधूला वाटलं तर वाटू दे.

तर आमच्या इमारतीपुरता निकाल असा. आठवीतल्या मुलीला सहीच्या पत्त्याची जादू घेऊ दिली नाही. तिला दुकानातला साधा कॅट आणि हवेतल्या कॅटवाला खास कॅट, असे दोन मिळून पाचशेच्या आत बसले. बदाम सत्तीवाला कॅट ज्या घरी आला तिथे मी तो ठेवायला सांगितला, फक्त भावाच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर. अठराशेवाल्यांची तक्रार चालू आहे.

पुरवणीत पुन्हा असा लेख येणार असेल तर किमतीच्या शेजारी एवढं छापा: कॅट साधा की खास, आकार कोणता, हातात देता येतो की नाही, खिसा लागतो का, आधी काय यायला हवं आणि न कापलेला प्रयोग कुठे बघायला मिळेल. विक्रेता उत्तर देत नसेल तर तेही छापा. जागा कमी पडली तर त्याचं ‘पाच मिनिटांत जादूगार’ हे वाक्य काढा.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)

ता. क. : नाव छापू नये. यंदा सोसायटीच्या गणपतीत माझा कार्यक्रम आहे आणि पहिल्या रांगेत तीच मुलं बसणार आहेत.